ठेवा

माझ्या अंगावर गेली दोन वर्षं ऐंशी किलो वजन आहे, कारण ते खाली ठेवायला मला अजून कुणी रीतसर सांगितलेलं नाही.

बार खाली आहे. तो त्याच दिवशी खाली आला आणि आता मंडळाच्या हॉलमध्ये दुसऱ्या मुली त्याच्यावर सराव करतात. पण बार आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचगंगाकाठ भारोत्तोलन मंडळाच्या नियमावलीत तसं स्पष्ट छापलंय : 'पंचांचा संकेत होईपर्यंत वजन खेळाडूवर आहे असे समजण्यात यावे.' यावे म्हटल्यावर ते समजण्यात आलं. कमरेच्या खाली, उजव्या बाजूला, जिथे खळी पडते तिथल्या सांध्यात ते बसलं, आणि बसलेलंच आहे.

एरवी सगळीकडे पंच 'डाऊन' म्हणतात. त्या वर्षी मंडळाने ठराव केला की संकेत मराठीतून द्यायचे. 'डाऊन'च्या जागी 'ठेवा'. खेळाडू वयाने कितीही लहान असला तरी मान राखूनच बोलायचं, असंही ठरलं आणि हॉलच्या भिंतीवर तसा कागद लागला. स्पर्धेत मधल्या खुर्चीवर पंच म्हणून बिरनाळे सर होते. ते मला शाळेत खेळाला होते. सहावीत असताना मोकळा बार पहिल्यांदा माझ्या हातात दिला तो त्यांनीच. माझा तिसरा प्रयत्न होता, ऐंशी किलोचा. बार खांद्यावर नीट आला. डोक्यावर नेताना उजवा पाय दोन बोटं सरकला आणि कमरेत कट् असा आवाज झाला, फळ्यावर लिहिताना खडू मोडावा तसा. हात मात्र वर सरळ राहिले. मी पाय जुळवले आणि थांबले. संकेत येईपर्यंत थांबायचंच असतं.

सरांना माझा चेहरा दिसला. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "ठेव बाळ, ठेव."

मी ठेवलं. टेबलाशी बसलेल्या सचिव कुंभोजकरांनी पेन ठेवलं.

"एकवचन झालं," ते म्हणाले.

बैठक चाळीस मिनिटं चालली. तेवढा वेळ मी बाजूच्या मॅटवर पालथी पडून होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"अहो, पोरगी मोडली तिथं," सर म्हणत होते. "मला कुठलं सुचतंय अहो-जाहो!"

"सर, भावना पोचली," कुंभोजकर म्हणाले. "संकेत पोचला नाही. शिवाय 'बाळ' हा जादा शब्द."

"मग आत्ता म्हणतो. ठेवा!"

"आत्ता तिचे हात वर कुठं आहेत?"

मी हात वर करून बघितले. ते कोपरातच राहिले. मग जीप आली.

निर्णय असा झाला की उचललेलं ग्राह्य, ठेवलेलं अग्राह्य. मला तिसऱ्या नंबरचं पदक मिळालं आणि वजन माझ्याकडे राहिलं.

मिरजेला डॉक्टर मॅडमनी एमआरआय काढला. तो स्वच्छ आला. "हाड ठीक, चकती ठीक," त्या म्हणाल्या. "सांध्याला सूज होती ती पण उतरली. आता दुखायला नको." मी म्हटलं, दुखतंय. त्यांनी मला काट्यावर उभं केलं. काटा एकशे पस्तीसवर गेला. माझं वजन पंचावन्न.

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि कागदावर 'रुग्ण भारासहित' असं लिहिलं. फिल्ममध्ये ते दिसत नाही कारण ते शरीराचं नाही, मंडळाचं आहे. त्यांनी व्यायाम दिले. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, कंबर उचलून पूल करायचा, दहा आकडे मोजायचे, हळू खाली यायचं. "वजन उतरेपर्यंत ते पेलायला शिकायचं."

"आणि उतरल्यावर?"

"उतरलं तर मग बघू."

त्या 'तर' म्हणाल्या. मी ते घरी घेऊन आले.

पहिल्या वर्षी लोक विचारतात, आता कसं वाटतंय? दुसऱ्या वर्षी विचारतात, अजून? पहिल्या वर्षी मी सविस्तर उत्तर द्यायचे. बसलं की वाढतं, उभं राहिलं की पायात उतरतं, सकाळी मोजे घालताना सगळ्यात जास्त. पुढे पुढे मी 'ठीक' म्हणायला लागले. 'ठीक' म्हटलं की समोरच्याला बरं वाटतं, आणि दोघांपैकी एकाला तरी बरं वाटायला काय हरकत आहे.

अशात माझं लग्न ठरलं. वृषभ मगदूम साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचे नमुने तपासतो. बघायला आला तेव्हा मी चहाबरोबरच त्याला सगळं सांगितलं. त्याने बशी खाली ठेवली आणि जरा विचार केला.

"आमची खोली वरच्या मजल्यावर आहे," तो म्हणाला. "पण स्लॅब नवीन आहे."

त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर सहानुभूती दाखवली असती. मी होकार दिला.

लग्नात माझ्याखालचा पाट मोडला, दुसरा आणला, विधी पुढे गेले. खरी अडचण नमस्कारांची होती. नव्या नवरीने सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा, आणि मला वाकता येत नाही. सासूबाईंनी, मी त्यांना आई म्हणते, त्यावर तोडगा काढला. घरातलं उंच स्टूल हॉलमध्ये मध्यभागी आणून ठेवलं. एकेक वडीलधारं माणूस आधाराने स्टुलावर चढायचं, पाय माझ्या हाताच्या उंचीला यायचे, मी उभ्या उभ्या नमस्कार करायचे, आशीर्वाद वरून यायचा. वृषभच्या आत्याने चढल्यावर खाली बघून सांगितलं, "सून चांगली आहे, पण आम्हाला उतरवा आता." बावीस जण चढले. कुणी नाव ठेवलं नाही. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे वजन आता एकटीचं राहिलेलं नाही. माझ्यामुळे म्हातारी माणसं स्टुलावर चढत होती.

महिन्याभराने आईंनी विषय काढला.

"मिरजेचं झालं, शेकून झालं, पट्टा झाला," त्या म्हणाल्या. "आता मी सुलोचनाला बोलावून आणतो."

आमच्याकडे बायकाही 'आणतो', 'जातो' म्हणतात. सुलोचना मावशी गल्लीच्या टोकाला ब्लाउज शिवतात आणि पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेल्या. पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते. मावशींनी गल्लीतल्या निम्म्या कमरा अशाच मोकळ्या केल्यात.

मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मावशींनी पदर खोचला, डाव्या पायाने नेम धरला आणि लाथ घातली. मी हलले नाही. मावशी मात्र मटकन खाली बसल्या.

"काय झालं गं?" आई म्हणाल्या.

"ही उसण न्हाई, अक्का." मावशी अंगठा चोळत होत्या. "हे काय तर अंगावर दिलेलं हाय. अन् सांगितल्याबिगर उतरायचं न्हाई."

"कुणी सांगायचं?"

"ते हिलाच ठावं."

मी मंडळाची नियमावली आणून दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि मान हलवली. "बरोबर हाय की. इथं लाथेचं काम न्हाई." मग आम्ही त्यांच्या अंगठ्याला हळद गरम करून लावली.

त्या गेल्यावर आई बराच वेळ लसूण सोलत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन वर्षं व्हायला आली म्हणतीस. मग आता ते तुझंच म्हणायचं की गं." त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्या नुसतं घरातल्या वस्तू कुणाच्या ते लावत होत्या.

त्या दुपारी मी पूल करताना सहाव्या आकड्यालाच थांबले. पुढचे चार मोजून काय होणार होतं ते मला आठवेना.

मंडळाकडे माझा अर्ज पडून होता. फेर-संकेत मिळावा, असा. सर्वसाधारण सभेला तीनदा पुरेशी माणसं आली नाहीत. चौथ्यांदा आली तर कुणीतरी हरकत घेतली की वजन कुमारी प्रणोती चौगुले यांच्यावर आहे आणि पाठपुरावा सौ. प्रणोती मगदूम करताहेत, यांचा संबंध काय. वृषभने लग्नाचा दाखला जोडला. अर्ज आणि दाखला एकत्र टाचताना तो म्हणाला, "बघ, सासरी येताना तू काय काय आणलंस याची ही एकमेव सरकारी नोंद." मग पत्र आलं. मूळ पंचांनी, मूळ खेळाडूस, ठरावातील शब्दात संकेत द्यावा. तीन प्रयत्न. दर महिन्यास एक.

बिरनाळे सरांना तोवर अर्धांगवायू होऊन सहा महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. मला हे माहीत होतं. मंडळालाही होतं. पण पत्राच्या नमुन्यात तब्येतीचा रकाना नव्हता.

पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही सरांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात खुर्चीवर होते. मला बघून त्यांचा डावा हात वर झाला. कुंभोजकरांनी पिशवीतून नियमावली, घड्याळ आणि तक्ता काढला. मी चपला काढल्या, पाय एका रेषेत ठेवले, हात वर केले, कोपरं ताठ केली.

"खेळाडू स्थितीत आहे," कुंभोजकर म्हणाले. "सर, द्या संकेत."

सरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मी मंडळाच्या हॉलमध्ये थांबले होते तशी थांबले. चार मिनिटांनी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, पदराने ते पुसलं.

"प्रयत्न पहिला," कुंभोजकरांनी लिहिलं. "संकेत नाही."

त्यानंतर काकूंचा अधूनमधून फोन यायचा. "दिवसभर चाललंय गं त्यांचं," त्या सांगायच्या. "ठ, ठ, ठ. शेजारचे विचारायला आले, काय ठोकताय म्हणून." एकदा त्यांनी फोन सरांच्या तोंडापाशी धरला. मला श्वास ऐकू आला आणि मग एक ठ. मी म्हटलं, छान, सर. सरांनीच मला शिकवलं होतं, मोकळा बारसुद्धा जमला तर छान म्हणायचं.

दुसऱ्या महिन्यात ते 'ठेव' म्हणाले. अगदी स्वच्छ. काकूंनी टाळी वाजवली. कुंभोजकरांनी कागदावरून मान वर केली नाही.

"सर, पुढचं."

"ठेव."

"अजून एकच काना, सर."

सरांनी डोळे मिटले, मान पुढे काढली. "ठेव, बा…"

"बाळ नको, सर!" कुंभोजकर ओरडले. "बाळ नको!"

सर दचकले आणि गप्प झाले. कुंभोजकरही ओशाळले. त्यांनी पाणी मागितलं आणि न पिता तांब्या तसाच ठेवला.

परत येताना मोटरसायकलचं मागचं चाक नेहमीसारखं बसलेलं होतं, वृषभ नेहमीसारखा वीसच्या वेगाने चालवत होता. "शब्द जवळजवळ झालाय," तो मागे न बघता म्हणाला. "काना राहिलाय फक्त."

मी आशा करायला नको होती, ते दोन वर्षांत मी चांगलं शिकले होते. पण त्या महिन्यात केली. सरळ झोपून उठता येईल, हे मनात येऊ दिलं. कुणी 'अजून?' विचारलं तर 'नाही' म्हणता येईल. मग एका सकाळी केस विंचरताना लक्षात आलं की वृषभने मला वजनाशिवाय पाहिलेलंच नाही. मी कशी चालते, जिना कसा चढते, रागावल्यावर कशी उठून जाते, यातलं त्याला काही माहीत नाही. त्याला मी सांगितलं तर तो म्हणाला, "मग ओळख करून देशील." तो हे सहज म्हणाला. मला मात्र आठवून बघितलं तरी ती मुलगी दिसेना. तिची कुठली खूण सांगायची?

तिसऱ्या रविवारी सरांना काकूंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, पंचांचा. खिशावर मंडळाचा बिल्ला होता. कुंभोजकर वेळेच्या आधी आले होते.

"शेवटचा प्रयत्न," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलले की सरांशी, कळलं नाही. आम्ही दोघांनी मान डोलावली.

मी उभी राहिले. हात वर केले.

"ठेव," सर म्हणाले.

मग त्यांचं तोंड मिटलं. सगळे थांबले. आत कुकरची शिट्टी झाली, काकू हलल्या नाहीत. सरांच्या मानेची शीर वर आली. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा धरला होता, बोटं पांढरी पडली होती. त्यांचा खालचा ओठ दातांकडे गेला, सुटला, पुन्हा गेला. असं करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ते नेहमी दुसऱ्यांना करायला लावायचे. मला वाटलं, हे ऐंशी किलोपेक्षा जास्त आहे.

"वा," सर म्हणाले.

कमरेतलं वजन हललं. मी खोटं सांगत नाही. एस.टी.त पुढचा थांबा आपला असला की माणूस मांडीवरची पिशवी उचलून घेतं, तसं ते उठलं आणि तयारीत राहिलं.

"जमलं की हो!" काकू ओरडल्या. "म्हणाले की हो!"

कुंभोजकर घड्याळाकडे बघत होते. त्यांनी वृषभला खुणेने पायरीपाशी बोलावलं. मी तिथेच हात वर करून उभी होते, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"अकरा सेकंद," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय?"

"मधे अकरा सेकंद गेले, मगदूम. एका शब्दात अकरा सेकंद मावत नाहीत. हे दोन शब्द झाले. 'ठेव', ते एकवचन. आणि नंतर 'वा'."

"वा म्हणजे काय?"

"वा म्हणजे वा. शाबासकी."

"कशाची शाबासकी?"

कुंभोजकरांनी वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या कोपरांकडे, पायांकडे. "चांगलं उचललंय की तिनं," ते म्हणाले. मग चष्मा काढून रुमालाने पुसला. "पण शाबासकीचा संकेत होत नाही. मला काय बरं वाटतंय का हे लिहिताना?"

"मग लिहू नका."

"न लिहून उतरणार असतं तर पहिल्याच दिवशी लिहिलं नसतं."

त्यांनी लिहिलं. वजन परत बसलं, पहिल्यापेक्षा जरा आत.

हे सगळं सरांपर्यंत पोचलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याची डावी बाजू हसत होती आणि उजवी तिच्या मागे जायचा प्रयत्न करत होती. हात वर ठेवून मी आणखी थोडा वेळ थांबले असते तर त्यांना कळलं असतं.

मी हात खाली घेतले. दोन्ही एकदम, नीट, ते शिकवायचे तसे.

"ठेवलं, सर," मी म्हटलं.

सरांनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून सुटून मांडीत पडला, आणि ते मागे टेकले. काकू माझ्या जवळ आल्या. "दोन वर्षं हेच गं," त्या कुजबुजल्या. "वाचा होती तेव्हाही हेच. पोरीचं राहिलं, पोरीचं राहिलं म्हणायचे. आता झोपतील बघ."

वृषभने माझ्याकडे बघितलं. कुंभोजकर तक्ता घेऊन आले. खाली एक ओळ होती : 'वजन खेळाडूकडे कायम.' टीपॉय फार खाली होता, म्हणून त्यांनी कागद भिंतीवर धरला आणि मी उभ्याने सही केली. नवं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं. त्यांनी तेही चालवून घेतलं.

निघताना काकूंनी थांबवलं. "नवी नवरी, तशीच कशी जाशील? काम झालं की भरायची म्हणून ओटी काढून ठेवलीय तीन महिने." त्या आत जाऊन सूप घेऊन आल्या. त्यात खण होता, तांदूळ होते, हळकुंड, सुपारी आणि एक चांगला मोठा नारळ. त्यांनी मला कुंकू लावलं. मग नारळ हातात घेतल्यावर त्या जरा थबकल्या.

"जड नाही ना होणार गं?"

"नाही, काकू," मी म्हटलं आणि पदर पुढे केला.